बाहुली, महिना तिसरा: गुडघा जमला, मान काय ऐकत नाही

मंडळी, लाकडाची कळसूत्री बाहुली, म्हणजे दोऱ्यांवर नाचणारी, करायला घेतलीय. मागच्या वेळी तिचा गुडघा पुढं पण वाकतोय मागं पण वाकतोय म्हणून रडलो होतो, तो सुटला एकदाचा. मी मांडी आणि पोटरीची दोन्हीकडची कड तिरकी तासली होती, येडेपणा नुसता. पुढची कड सपाट ठेवून फक्त मागची तासायची आणि मधल्या खाचेत चामड्याची पट्टी (माझी जुन्या चपलेची हाय), मग पाय माणसासारखा चालतो.

मान मात्र डोक्याला ताप. वजन खांद्याच्या दोऱ्यांवर पाहिजे ते माझ्याकडं डोक्याच्या दोऱ्यांवर येतंय, त्यामुळं मान हलवून हो म्हणायला लावलं की आख्खा माणूस खाली बसतो. दोरा पण बदलला, तंगूस (मासे धरायचा नायलॉनचा दोरा) लाईटमध्ये चमकतो आणि रिळावरनं काढला तरी गुंडाळी विसरत नाही, आता काळा सुती दोरा मेण लावून. बेळगावच्या वडगावात मागाच्या घरात वाढलोय त्यामुळं तुटलेला धागा सांधायला मला कुणी शिकवायची गरज नाही, तेवढी एकच मिजास.

हे वेड लागलं कुठनं विचारलं होतं एकानं. टीव्हीवरचा अर्धवटराव सगळ्यांनीच बघितलाय, मी पण, आणि मी बाहुल्यापेक्षा रामदास पाध्यांच्या ओठांकडंच बघत बसायचो. पण खरं वेड गल्लीतल्या गणपतीच्या हलत्या देखाव्याचं. सात-आठ वर्षांचा असेन, पाऊस आला म्हणून ताडपत्रीखालनं मागं घुसलो तर तिथं गाडीच्या वायपरची मोटर, सायकलचं चाक, आणि मोटर जळलेली. मंडळातले एक काका उलट्या क्रेटवर बसून हातानंच दोरी ओढायले होते, पुढं लोक हात जोडायलेत आणि मागं हे एका हातानं भजी खात दुसऱ्या हातानं हनुमानाला द्रोणागिरी उचलायला लावतायत! "धर रे जरा, चहा पिऊन येतो" म्हणून दोरी माझ्या हातात. पहिल्यांदा ओढली तर डोंगर हनुमानाच्या डोक्यावर आपटला आणि बाहेर कोण तरी बाई "अगं बाई" म्हणाली. ते "अगं बाई" अजून कानात हाय.

पिंगुळीला मात्र फार उशिरा गेलो, आंबोली घाट उतरून सावंतवाडीच्या पुढं कुडाळजवळ, तिथल्या ठाकर लोकांच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, चित्रकथी (चित्रं दाखवत सांगायची गोष्ट). परशुराम गंगावणेंना 2021 ला पद्मश्री मिळाली ते तिथलेच. आणि इकडं आपल्या कर्नाटकातले किळ्ळेक्यात समाजाचे लोक, तोगलु गोंबेयाटा म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ कन्नडमध्ये करतात आणि घरात बोलतात ती बोली मराठीची बहीण, हे मला कळलं तेव्हा मी तीनदा विचारून खात्री केली. किळ्ळेक्यात हे त्यांच्या खेळातल्या विदूषकाचंच नाव. 2025 ला हाच खेळ करणाऱ्या कोप्पळच्या भीमव्वांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या वाड्यात पेढे मी एकट्यानंच वाटले, कुणाला कारण कळलं नाही, पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

आता डोक्याच्या दोऱ्या कानाच्या थोड्या मागं नेऊन बघतो आणि बोटभर सैल सोडतो, वजन खांद्यावर गेलं पाहिजे. डोकं सागाचं केलं ती पण चूकच, सावंतवाडीची खेळणी पूर्वी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करायचे ते उगीच नाही. तुमच्याकडं पांगाऱ्याचा वाळलेला ओंडका कुणाच्या परसात पडला असंल तर सांगा, खानापूरपर्यंत गाडी घेऊन येतो.