ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली तेव्हा

मावशी लेकाचा दंड धरून ओपीडीत आल्या. दोन्ही पाय गुडघ्यांतून बाहेर बाकलेले, उजवा गुडघा टम्म सुजलेला. उभं करून काढलेल्या एक्स-रेत आतल्या बाजूची फट पार मिटून हाडाला हाड टेकलं होतं. एक्स-रेवरून सांध्याची झीज मोजायची केलग्रेन-लॉरेन्स श्रेणी 4, म्हणजे शेवटची. सांधा बदलायचं आधीच ठरलं होतं, तारीख महिन्यावर आली होती.

"नातीचं लग्न त्याच्या आधीच निघालं, डॉक्टर. तेवढ्यापुरतं गादीचं इंजेक्शन मारा." लेकाने मोबाइलवरची जाहिरात पुढे केली.

या जाहिरातींचा मला मनापासून राग येतो. गादीचं इंजेक्शन म्हणजे हायलुरॉनिक ॲसिड. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, त्याने परत येत नाही. 2022 साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या इंजेक्शनांच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत रुग्णाला जाणवावा एवढा फरक निघाला नाही. यासाठी लोक हजारो रुपये मोजतात.

सूज उतरवायला स्टेरॉइड होतं. पण त्याचा आराम काही आठवड्यांचा, मावशींना मधुमेह, म्हणजे साखर वाढायची भीती, आणि ते दिल्यावर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणजे लग्न सांभाळायचं तर ऑपरेशन पुढे ढकलायला हवं. लेक नको म्हणत होता. त्याने रजा मंजूर करून घेतली होती.

"दुखणं माझं आहे ना? इतकी वर्षं काढली, अजून तीन महिने काढीन. पण नातीला हळद मी उभ्यानंच लावणार."

मग मी वाद घातला नाही. वाटीच्या बाहेरच्या वरच्या कडेला जागा बधिर करून सुई घातली. सिरिंजमध्ये पाणी येत गेलं, पातळ पाकासारखं पिवळं, नितळ. गढूळ असतं तर तिथेच थांबून ते तपासणीला पाठवलं असतं. पाणी काढून त्याच सुईतून 40 मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड दिलं. मावशींनी लगेच पाय दुमडून पाहिला आणि हसल्या. मी सांगितलं, हा हलकेपणा पाणी निघाल्याचा. औषधाचा गुण दोन-चार दिवसांत येईल, आणि आठवडाभर साखर रोज तपासायची.

डाव्यातही द्या, असा आग्रह झाला. साखरेमुळे मी नाही म्हटलं.

ऑपरेशनची नवी तारीख साडेतीन महिन्यांनंतरची दिली. तोवर उजव्या गुडघ्यात कुणीही, कसलंही इंजेक्शन द्यायचं नाही, हे फाइलवर लाल पेनाने लिहून लेकाकडून मोठ्याने वाचून घेतलं.