मनीची सलाईन
आमची मांजर मनी १६ वर्षांची झाली आणि यंदाचा मे तिला लई जड जातोय. सोलापुरात पारा ४२च्या पुढं, त्यात तिच्या किडन्या थकलेल्या. आधी नुसतं पाणी जास्त प्यायची, वाटलं उन्हामुळं असंल, मग वजन उतरलं तेव्हा रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, वाढलेलं. डॉक्टर म्हणले, किडनीचं निम्म्याहून जास्त काम गेल्यावरच मांजरात लक्षणं दिसतात. हे आधी कळायला पाहिजे होतं, अजून टोचतं मनाला.

आता दिवसाआड घरीच सलाईन, कातडीखाली, १०० मिली. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, मग आई तिला जुन्या सोलापुरी चादरीत धरते, मी मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई घालते, जरा वेळानं खांद्यापाशी पाण्याचा फुगा येतो आणि हळूहळू पायाकडं उतरतो. ती हलत नाही, माझ्या मनगटावर हनुवटी टेकवते फक्त.

आणि एक, मांजराला आपली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, अर्ध्या गोळीनंही जीव जाऊ शकतो.

काल रात्रभर लाईट नव्हती, ओल्या फडक्यानं तिचे पंजे पुसत बसले. पहाटे तिनं चमचाभर बिनमिठाचं चिकनचं पाणी चाटलं.