पावसाळ्यात सॉकेट शॉर्ट झालं तर

जून-जुलैत बाहेरच्या भिंतीवरचं सॉकेट बिघडलं की पहिला संशय एमसीबीवर, म्हणजे बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर जातो. बहुतेक वेळा तो बिचारा आपलं काम करत असतो. म्हणून आधी बघा, काय पडलं आणि कधी पडलं. वर करताक्षणी एमसीबी पडला तर थेट शॉर्ट. गिझर लावून दहा-पंधरा मिनिटांनी पडला तर ओव्हरलोड, किंवा एमसीबीचाच स्क्रू ढिला. आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा स्विच, पडला तर करंट अर्थिंगकडे गळतोय. घरगुती आरसीसीबी 30 मिलीअँपिअरचा असतो, तेवढी गळती त्याला पुरते.

आता त्या लाइनवरचे सगळे प्लग उपसून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी वायर तोडतो; न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, जोडलेलीच राहते. मग एमसीबी एकदाच वर करून बघा. टिकला तर दोष उपकरणात. एकेक प्लग लावत जा, सापडेल. पुन्हा पडला तर सारखा वर-खाली करू नका, सॉकेट उघडायला घ्या.

टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून घ्या, मग मेन बंद करा आणि मगच तो सॉकेटवर लावा. मेलेला टेस्टर सगळंच 'बंद' दाखवतो. प्लेट काढल्यावर टॉर्च मारून नीट बघा: वायर गरजेपेक्षा जास्त सोललेली, तिची एखादी तार बाहेर येऊन लोखंडी बॉक्सला टेकलेली, प्लेटचा स्क्रू इन्सुलेशनमध्ये घुसलेला, प्लास्टिकवर काळा पट्टा. समुद्राच्या खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर धरतो. तिथे पकड ढिली होते, सॉकेट तापतं, प्लास्टिक जळतं आणि जळालेल्या कार्बनमधूनच करंट वाहायला लागतो. असं सॉकेट घासून वापरू नये, बदलावं. बॉक्समध्ये पाणी असेल तर ते बहुधा पाइपातून वरून आलंय. खिडकीची किंवा भिंतीची गळती थांबवल्याशिवाय नवं सॉकेटही तसंच जाणार.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर तिन्ही वायरी सॉकेटमधून मोकळ्या करा, टोकं एकमेकांपासून लांब ठेवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावा. फेज-न्यूट्रल किंवा फेज-अर्थ, कुठेही जवळपास शून्य आलं तर वायरमध्येच शॉर्ट. पण शून्य आलं नाही म्हणजे वायर चांगलीच आहे असं नाही. मल्टिमीटरचा दाब (व्होल्टेज) फार कमी असतो, ओली वायर त्याला फसवते. वायरमनकडून 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) तपासून घ्या, एक मेगओहमच्या खाली आलं तर वायर बदलायची.

न्यूट्रल-अर्थ मोजताना न्यूट्रलची वायर बोर्डातल्या न्यूट्रल पट्टीवरूनही सोडवा. न्यूट्रल अर्थला टेकण्याचा हा दोष फार चकवतो: सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, त्यामुळे त्या लाइनचा एमसीबी खाली असला तरी दुसऱ्या खोलीत इस्त्री लावली की आरसीसीबी पडतो.

16 अँपिअरच्या सॉकेटला किमान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, एसीला 4. पाइपात जोड नको, अख्खी वायर ओढा. आणि पडतोय म्हणून 16च्या जागी 32चा एमसीबी कुणी सुचवला तर त्याला बोर्डाला हात लावू देऊ नका.