कबुतरं

सासूबाईंनी एकच सांगितलं होतं, अमरनाथला जाते आहेस तर गुहेतली कबुतरं बघून ये. शंकराने पार्वतीला सांगितलेली अमरकथा ऐकून अमर झालेली ती जोडी. त्यांना स्वतःलाच यायचं होतं, पण 70 च्या पुढे नोंदणी होत नाही आणि त्यांना 74 वं लागलेलं. "पिंड काय, फोटोतही दिसते," म्हणाल्या, "कबुतरं नशिबात असतील त्यालाच." म्हणजे आता माझं नशीबही तपासणीला.

आळंदी-पंढरपूर मी दोनदा चाललेय, त्यामुळे घोडा करायचा नाही हा हट्ट माझाच. धाकटी जाऊ बिचारी माझ्या मागे फरपटत आली. चंदनवाडीला गळ्यातली कार्डं तपासून घेतली आणि पिस्सू घाटीच्या पहिल्याच वळणावर दिवे घाटाचा सगळा अभिमान गळून पडला. शेषनागचं पाणी हिरवंनिळं होतं, तंबूत रात्रभर कुणीतरी खोकत होतं. बाकी त्या दिवसाचं काही आठवत नाही.

सकाळी तंबूबाहेर घोडेवाल्यांचा गराडा. "माताजी घोडा, माताजी पालखी." पालखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माऊलींची येते, इथे तिच्यात गुडघे दुखणारे काका बसतात. निळ्या प्लॅस्टिकचा रेनकोट घातलेला एक जण तर मागेच लागला. मी त्याच्यावर खेकसले, "पैदल जाऊंगी, बोला ना!" जाऊ म्हणाली, वहिनी, देवाच्या वाटेवर आहोत. मला तिचाही राग आला.

महागुणस टॉप 14,000 फुटांच्या आसपास. तिथे दहा पावलं टाकायची, काठीवर रेलायचं, पुन्हा दहा. गणपतीला इथे ठेवून महादेव पुढे गेले म्हणतात. मलाही ठेवलं असतं तर चाललं असतं. पोशपत्रीच्या लंगरात इडली होती, खीर होती. मला वरणभात हवा होता.

पण खरा त्रास उतारावर सुरू झाला. चढताना टाच सोलली होती, ती सहन होत होती. आता प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आपटायला लागला. खेचरांची लीद, चिखल, मागून "साइड, साइड!" आणि कुणीतरी आपलं "भोले की फौज करेगी मौज". कसली मौज! एका दगडावर बसले ती उठेचना. वारीत असं बसलं की कुणीतरी येऊन न विचारता पायाला तेल चोळतं, माऊली म्हणतं. इथे सगळे "जय भोले" म्हणून पुढे जात होते. मीही "जय भोले" म्हणत होते, दात आवळून.

एक घोडा थांबला. वर जाडजूड गृहस्थ, लगाम धरलेला तोच निळा रेनकोटवाला. आता म्हणणार बघा, घोडा करायला हवा होता. तो उकिडवा बसला. "जूता उतारो, माताजी."

मोजा रक्ताने चिकटला होता. त्याने माझ्याच बाटलीतल्या पाण्याने तो भिजवून सोडवला. खोगिराखाली कुठेतरी हात घालून कच्च्या लोकरीचा पुंजका काढला, मेंढीचा वास येणारा. थोडी टाचेवर दाबली, थोडी अंगठ्याभोवती गुंडाळली, वरून माझा कोरडा मोजा चढवला. मग बुटाची नाडी अख्खी सोडून परत बांधली, पंजाशी सैल आणि घोट्याशी करकचून. "उतराई में यहाँ कसते हैं, तब पैर आगे नहीं जाता." तोवर वरचे गृहस्थ "चलो भाई, ठंड लग रही है" करत होते. मी शंभराची नोट काढली.

"घोड़े पे बैठतीं तो लेता," म्हणाला आणि चालू लागला.

मला अजून कळत नाही, तो चिडला होता की हसत होता. त्याचं नाव विचारायचं राहिलं. पंचतरणीपर्यंत पाय दुखला, पण पुढे सरकला नाही.

तिसऱ्या दिवशी गुहा. तासन्‌तास रांग, पायऱ्या, ढकलाढकली, आणि समोर पिंड पुष्कळ वितळलेली, कमरेएवढीही नाही. एवढ्यासाठी आले, असं मनात आलं आणि त्याच क्षणी हात जोडले गेले. तोंडून निघालं, "पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!" आजूबाजूचे बघायला लागले. जवान म्हणाला, आगे चलिए. परतताना जाऊने दंड घट्ट धरला, "वहिनी, वर, वर बघा, ती बघा!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पुढची ओली पायरी बघत होते, अंगठा वाचवत. मान वर केली तेव्हा नुसता खडक, ठिबकणारा.

बालटालला उतरल्यावर जाऊच्या फोनवरून घरी लावला. माझं प्रीपेड कार्ड तिकडे बंदच.

"दिसली का गं?"

"दिसली."

"दोन्ही?"

"हो, दोन्ही. खेटून बसली होती."

त्यांनी रंग विचारला. मी राखाडी म्हणाले. जाऊ शेजारी उभी राहून जोरजोरात मान हलवत होती. तिने पांढरी पाहिली होती.