जिप्सी किंग अपडेट: लिफ्टनंतरची दगडी राईड आणि भटकणारं स्टिअरिंग

तर मंडळी, माझ्या मारुती जिप्सीचे पुढचे पाटे (कमानीतल्या स्टीलच्या पट्ट्या) झाले, किंगपिन (पुढचं चाक ज्याच्यावर वळतं ती खुंटी) झाले, वेज (पाचरी) बसले, आणि गाडी आता सातारा रस्त्याला ऐंशीला सरळ जाते. आधी साठच्या पुढे लेन धरायची म्हणजे सतत डावं-उजवं, बाजूने ट्रक गेला की हात घट्ट. खड्ड्यात तर मागे बसणारे लोक शिव्याच द्यायचे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी जिप्सी किंग, एमपीएफआय (इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन), सॉफ्ट टॉप. लिफ्ट (सस्पेन्शन उंच करणं) आधीच्या मालकाने केलेली, टायर २३५/७५ आर१५. चारही बाजूंना कमानी आणि दोन्ही अ‍ॅक्सल सॉलिड, म्हणजे राईडच्या बाबतीत हिच्याकडून इनोव्हाची अपेक्षा करणाऱ्याने आधी इनोव्हाच घ्यावी. पण कंपनीतून आलेली जिप्सी जेवढी आपटते त्याच्या दुप्पट ही आपटत होती आणि ते काही नॉर्मल नाही. सगळे म्हणतात लिफ्ट केली की असंच होतं, सहन करा. माझं म्हणणं असं की उंचीमुळे फार कमी बिघडतं, उंची कशाने मिळवली त्याने बिघडतं.

इथे उंची दोन गोष्टींनी मिळवली होती. लांब शॅकल (कमानीचं टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी), आणि पॅकमध्ये (पाट्यांच्या जुडग्यात) ठोकलेला एक जादा जाड पाटा, पुढे पण मागे पण. शॅकलचं गणित बऱ्याच जणांना माहीत नसतं, २ इंच लांब शॅकल लावला तर गाडी १ इंचच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं आणि अ‍ॅक्सल मध्यावर असतो. आणि सस्पेन्शन कितीही उचला, डिफरन्शियलचा भोपळा (अ‍ॅक्सलचा मधला फुगीर भाग) जमिनीपासून तेवढाच राहतो, तो फक्त टायरने वर येतो. २०५/७० वरून २३५/७५ वर गेल्यावर टायरचा व्यास साधारण ६५ एमएम वाढला म्हणजे भोपळ्याखाली ३२-३३ एमएम मिळाले, ट्रेलवर दगडावरून जाताना खरा फायदा तोच. बाकी उंची टायर घासू नये आणि पुढचा-मागचा अँगल सुधारावा म्हणून.

आता जादा पाटा. पाट्याची जाडी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट नाही, आठपट होतो, जाडीचा घन लागतो. ५ एमएमच्या जागी ६ एमएमचा पाटा टाकला तरी त्या एका पाट्याचा कडकपणा जवळपास पाऊणपट वाढतो. गाडी साधारण एक टनाची, त्यात बहुतेक वेळ मी एकटा किंवा दोघंजण, असल्या गाडीला टेम्पोच्या हिशोबाचे पाटे लावले तर कमान वाकतच नाही, मग वाकतं कोण तर आपला कणा.

कमानवाल्या मामांकडे गेलो (सोलापूर रोडला ट्रकचं काम करतात, जिप्सी बघून आधी हसलेच). पाटा काढायचा म्हटल्यावर मामा म्हणाले, "दादा, ह्यो काढला तर गाडी बसंल की." म्हटलं बसू द्या मामा, बसायलाच पाहिजे थोडी. जुना मुख्य पाटा ठोकून परत वर उचलायचा पर्याय त्यांनी दिला, स्वस्तात झाला असता, पण थंड ठोकलेली कमान काही महिन्यांत परत आपल्या जागेवर येते आणि डावी-उजवी सारखी बसेल याची खात्री नसते. त्यामुळे पुढे नवा पॅक करून घेतला, पातळ पाटे, संख्या जास्त, मुक्त कमान (वजन नसतानाचा बाक) थोडी जास्त ठेवलेली. उंची कमानीतून मिळाली, शॅकल परत जवळपास मूळ लांबीचे. मागे फक्त जादा पाटा काढला, मूळ पॅक चांगल्या स्थितीत होता.

दुसरं काम फुकटातलं पण फरक मोठा. प्रत्येक पाट्याची टोकं ग्राइंडरने गोल करून घेतली, कडा मारल्या, मध्ये साचलेला गंज वायर ब्रशने काढला. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, चिकटून राहतात, मग छोट्या खड्ड्यांना कमान लाकडासारखी वागते आणि मोठ्या खड्ड्यात एकदम सुटते. टोकांखाली प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या ठेवल्यात. ग्रीस भरा म्हणणारे खूप आहेत, आपल्या लाल मातीत आणि पावसाळ्यात ग्रीस म्हणजे पॉलिश पेपरच होतो, म्हणून मी नाही भरलं. बुश नवे, रबरचेच. पॉलियुरेथेनचे टिकतात पण कडक असतात, आणि कमानीला टोकाशी जरा पिळायला मिळालं पाहिजे.

बुशवरून आठवलं, शॅकलचे नट गाडी जॅकवर असताना फायनल टाइट करू देऊ नका कोणालाच. गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा दाबून बसवायची आणि मग टाइट. नाहीतर रबर लटकत्या पोझिशनमध्ये लॉक होतं, कायम पीळ राहतो आणि लवकर फाटतं. मिस्त्री लोकांना हे सांगितलं की त्यांना वाटतं साहेब यूट्यूब बघून आलेत. वाटू दे.

शॉकअप. लिफ्ट गाडीला मूळ लांबीचे शॉकअप तसेच होते, त्यामुळे स्पीडब्रेकर उतरताना चाक खाली जायला जागाच नव्हती, शॉकअप पूर्ण उघडून थाडकन आवाज यायचा आणि सगळ्यांना वाटायचं कमान आपटली. मोजमाप असं केलं: पॅकमधला फक्त मुख्य पाटा ठेवून अ‍ॅक्सल बंप स्टॉपपर्यंत (चेसिसखालचा रबरी ठोकळा) जॅकने वर घेतला आणि दोन्ही माउंटमधलं अंतर मोजलं, मग अ‍ॅक्सल पूर्ण लटकवून परत मोजलं. शॉकअप बंद असताना पहिल्या आकड्यापेक्षा आखूड आणि उघडल्यावर दुसऱ्यापेक्षा थोडा लांब हवा, बस्स. "दोन इंच लिफ्टचा किट" असं डब्यावर वाचून घेण्यापेक्षा टेप लावा. सॉफ्ट पॅकला फार कडक शॉकअप घेऊ नका, परत तिथेच याल.

स्टिअरिंग. इथे मजा आहे. गाडी भटकते म्हटलं की पुण्याच्या नाना पेठेत (स्पेअर पार्टचा बाजार) पहिला सल्ला मिळतो तो स्टिअरिंग डॅम्परचा (स्टिअरिंगच्या दांड्याला लावायचा शॉकअप). डॅम्पर भटकणं थांबवत नाही, फक्त थरथर हाताला कमी जाणवू देतो, आणि खाली जे सैल आहे ते आणखी सैल होत राहतं. मी जुना डॅम्पर काढूनच ठेवला आणि सगळं काम तो नसताना केलं.

पहिलं सैल काय ते शोधणं. एकाने इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) एक एंड गेलेला, टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) ठीक. मग किंगपिन. टाय रॉड सोडवून नकलच्या (चाकाबरोबर वळणारा भाग) टोकाला हुकाचा वजनकाटा लावून ओढला, उजवीकडे पाव किलोलाच नकल फिरायला लागलं, म्हणजे बेअरिंगला काही ताणच नाही. वरच्या टोपीखालचे शिम (पातळ चकत्या) कमी करून दीड किलोच्या आसपास आणलं, दोन्ही बाजू सारख्या. सत्तरला रस्त्याचा एखादा सांधा लागला की पुढची दोन्ही चाकं नाचायला लागायची, ते तिथेच संपलं. चाकं बॅलन्स पण केली अर्थात.

पण भटकणं राहिलंच, आणि ते कास्टरचं (किंगपिनचं डोकं मागे किती झुकलंय तो कोन) होतं. जिप्सीला पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सल पुढे झुकतो, किंगपिनचं डोकं पुढे येतं आणि कास्टर कमी होतो. मग स्टिअरिंगला आपोआप सरळ व्हायची इच्छाच राहत नाही. मोबाइलचं लेव्हल अ‍ॅप किंगपिनच्या टोपीवर ठेवून बघितलं तर जेमतेम १ डिग्री. शॅकल आखूड केल्यावर थोडा परत आला, बाकी अडीच डिग्रीचे स्टीलचे वेज, जाड बाजू पुढे. जिप्सीत अ‍ॅक्सल पाट्याच्या वर बसतो म्हणून जाड बाजू पुढे, ज्यांनी पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेतलेत त्यांचं उलटं, गोंधळ करू नका. अ‍ॅल्युमिनियमचे वेज घेऊ नका, चुरा होतो. मधला सेंटर पिन लांब घ्यावा लागतो, यू बोल्ट नवेच टाका आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर परत टाइट करा.

वेजचा तोटा: पिनियनचं नाक (डिफरन्शियलचं शाफ्टकडचं तोंड) खाली जातं, पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) अँगल वाढतो. माझ्या गाडीला हाताने फिरवायचे हब आहेत, हायवेला ते फ्री असले की पुढचा शाफ्ट फिरतच नाही त्यामुळे मला त्रास नाही. फोर व्हीलमध्ये चाळीसच्या पुढे हलकी घरघर येते, तिथे कोण चाळीसने जातंय. आणि जास्त चांगलं म्हणून ६-७ डिग्री करायला जाऊ नका, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना खांदे निघतील, वर चाकं नाचायची शक्यता वाढते.

टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलीत ते) ३ एमएम. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू चाकं अगदी सरळ असताना अगदी थोडा आवळला, जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही आणि माणूस परत कास्टरला दोष देतो. लिफ्टमुळे स्टिअरिंग व्हील वाकडं राहत होतं ते ड्रॅग लिंकची लांबी अ‍ॅडजस्ट करून सरळ केलं. व्हील काढून दाते बदलून बसवू नका, बॉक्सचा मध्य सरकतो. बंप स्टीअर (खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जाणं) थोडा आहे अजून, ड्रॅग लिंक तिरकी आहे तेवढा राहणारच.

हवा. पेट्रोल पंपावरचा पोरगा न विचारता ३५ पीएसआय भरतो. या वजनाला या टायरमध्ये ३५ म्हणजे अर्धी राईड तिथेच गेली. रस्त्यावर खडूची रेघ मारून बघितलं, रेघ सगळ्या रुंदीत सारखी पुसते ती २२-२३ ला. ट्रेलवर १५.

गाडी आधीपेक्षा साधारण पाऊण इंच खाली बसली, मामा बरोबर होते. मला चालतंय. तसंही मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ (कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी बदलायला मनाई) आणि त्यावरचा जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघता कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून जितकं कमी लांब तितकं बरं, काही झालं तर इन्शुरन्सवाले आधी खाली वाकून बघतात.

वरंधा घाटात टेस्ट झाली, भोरकडून वर जाताना उखडलेल्या पट्ट्यात आधी दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचो तिथे तिसरा चालला. वळणात बॉडी आधीपेक्षा झुकते, सॉफ्ट पॅकची किंमत आहे ती. पूर्ण ब्रेकला नाक पण जास्त खाली जातं. डॅम्पर आता परत लावलाय, फरक इतका कमी जाणवतो की नसता तरी चाललं असतं.

राहिलंय: मागचे शॉकअप, पुढचे बंप स्टॉप थोडे उंच करणं, आणि पुढचा शॅकल मागच्या टोकाला न्यायचा विचार चाललाय. खड्ड्यात अ‍ॅक्सल मागे सरकायला जागा मिळते म्हणून राईड सुधारते हे कळतंय, पण शाफ्टचा स्लिप (लांबी कमी-जास्त व्हायची जागा) आणि ब्रेकला नाक किती बुडतं याची काळजी आहे. कोणी जिप्सीवर केलं असेल तर फोटो आणि मापं टाका, वेल्डिंग कुठे आणि कसं केलं ते पण.