कॅल्क्युलेटरवर ६४२९, खात्यात ३९०७

पीएफची पेन्शन किती बसेल हे सांगणारे कॅल्क्युलेटर नेटवर ढिगानं पडलेत, आणि त्यातले जे नुसते दोन-तीन रकाने भरून घेतात त्यांचं उत्तर जुन्या कामगारांसाठी साफ चुकीचं येतंय. मुद्दाम लिहायलोय, कारण कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत आता रिटायरमेंटला आलेली लई माणसं आहेत आणि ती मोबाइलवर आकडा बघून पुढचा हिशोब बांधायला लागल्यात, सोसायटीचा हप्ता कसा फेडायचा, पोराला किती द्यायचं, सगळं त्या आकड्यावर.

आमच्या अण्णांचंच सांगतो. सगळी नोकरी मोल्डिंगला. सप्टेंबर १९९६ पासनं पीएफ कापायला लागला, २०२४ च्या ऑगस्टअखेर ५८ पूर्ण होऊन रिटायर झाले. साइटवर कधी लागला, कधी सुटला, शेवटचा बेसिक-डीए किती, एवढंच विचारतात. १५००० टाकलं की खाली हिरव्या अक्षरात ६४२९ रुपये. सूत्र खोटं नाही, पगार गुणिले सर्व्हिस भागिले ७०, आणि सर्व्हिस २८ वर्षं अधिक वीसच्या वर नोकरी झाली म्हणून बोनसची २, अशी ३०. मग पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद आला, त्यात ३९०७. अण्णा म्हणाले हापिसात कुणीतरी घोळ घातला, आई म्हणाली एजंटानं खाल्लं. कुणी काय खाल्लं नव्हतं.

खरी भानगड १ सप्टेंबर २०१४ या तारखेची आहे. त्या दिवशी पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा ६५०० वरनं १५००० झाली. पण ज्यांची नोकरी त्याच्या आधीपासनं आहे त्यांची पेन्शन दोन तुकड्यांत काढतात. ऑगस्ट २०१४ पर्यंतची वर्षं ६५०० च्या मर्यादेनं आणि पुढची १५००० च्या मर्यादेनं, आजचा पगार कितीही असू दे. अण्णांचं पीएफचं पासबुक उघडलं तर हे डोळ्यासमोर दिसतं, पेन्शनच्या रकान्यात २०१४ च्या लगेच आधीच्या वर्षांत दर महिन्याला ५४१ रुपये आणि नंतर एकदम १२५०. तेव्हा भरलेच ५४१, तर त्या वर्षांना १५००० चा भाव कसा लागणार? नियम मला अन्यायाचाच वाटतो, कारण ५४१ भरायचे हे कामगारानं ठरवलं नव्हतं, पण नियम आहे तो असा आहे.

आता आकडे मांडून बघा. पहिली १८ वर्षं गुणिले ६५०० भागिले ७० म्हणजे १६७१. पुढची १० वर्षं १५००० नं म्हणजे २१४३. बोनसची दोन वर्षं कुठल्याही तुकड्यात धरा, बेरीज चार ते सव्वाचार हजारांच्या मधेच येते, ६४२९ चा पत्ताच नाही.

चार हजारांतनं कमी झालेले शंभरेक रुपये कुठं गेले म्हणाल तर बिनपगारी दिवसांत. फौंड्रीत काम केलेल्याला सांगायला नको, ऑर्डर थंडावल्या की "या आठवड्यात येऊ नका" असा निरोप यायचा आणि पगार कापला जायचा. पगार नाही त्या दिवसाचं पेन्शनला काही भरलं जात नाही आणि तो दिवस सर्व्हिसमधनं वजा होतो, त्याला एनसीपी म्हणतात. अण्णांच्या २०१४ च्या आधीच्या नोकरीत असे दिवस सगळे मिळून वर्षभराच्या आसपास भरले, थेंब थेंब साठत गेलेले, ज्याची घरात कुणी नोंद ठेवली नव्हती. कॅल्क्युलेटर हे विचारतच नाही! एक रकाना २०१४ च्या आधीच्या वर्षांचा आणि एक बिनपगारी दिवसांचा, एवढं टाकायला काय अवघड आहे? अडीच हजारांचा फरक म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, गॅस आणि लाइटबिल आहे. त्यात या पेन्शनला महागाई भत्ता नाही, किमान पेन्शन २०१४ पासनं १००० वरच अडकलीय आणि पेन्शनर ७५०० मागून मागून थकलेत. अशा माणसाला खोटी आशा दाखवू नये.

ज्यांची नोकरी दोन-तीन कारखान्यांत झालीय त्यांनी तर जास्तच जपायला पाहिजे. जुन्या ठिकाणची सर्व्हिस ट्रान्सफर करून जोडली नसेल तर ती धरली जात नाही, आणि मधे कधी अडचणीत पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील तर ती वर्षं गेलीच. ५८ च्या आधी पेन्शन चालू केली तर दर वर्षाला ४ टक्के कट, तोही बऱ्याच जणांना पीपीओ हातात पडल्यावर कळतो.

म्हणून रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधीच यूएएननं, म्हणजे आपल्या पीएफच्या कायमच्या नंबरानं लॉगिन करून पासबुक काढा, सगळ्या कंपन्यांच्या तारखा बघा, वरच्यासारखा दोन तुकड्यांचा हिशोब कागदावर करा. पीपीओ आलेल्यांनी एनसीपीचे दिवस आपल्या पगाराच्या स्लिपांशी ताडून बघा, हजेरी असताना दिवस कापलेला दिसला तर कंपनीकडनं दुरुस्ती करून घेता येते, पण त्याला हजेरीचा पुरावा लागतो, तेव्हा जुन्या स्लिपा रद्दीत घालू नका.