ऐंशी हर्ट्झची घरघर

इंदूरला विमान चालवायला शिकू लागल्यापासून माझ्या डोक्यावर डेव्हिड क्लार्क कंपनीचा हिरवा एच१०-१३.४ हेडसेट आहे. नुकतेच माझ्या एका सहकाऱ्याने बोस कंपनीचा ए२० हेडसेट काही दिवस वापरायला दिल्यामुळे दोन्हींची तुलना एकाच विमानात, एकाच आसनावर बसून करता आली.

आमच्या सेसना १७२ चे इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असताना दोन पात्यांचा पंखा सेकंदाला ऐंशी वेळा हवा कापतो, आणि चार सिलिंडरांचे स्फोटही सेकंदाला नेमके ऐंशीच होतात. म्हणजे कानावर आदळते ती मुख्यतः ऐंशी हर्ट्झची जाडसर घरघर. हिरव्या हेडसेटची आवाज २३ डेसिबलने घटवण्याची क्षमता केवळ कानावरच्या घट्ट वाट्यांतून येते. तीव्र, चिरका आवाज त्या चांगला अडवतात, पण जाड आवाज त्यांतूनही झिरपतो. ए२० मधील सूक्ष्म मायक्रोफोन वाटीतला आवाज टिपतो आणि त्याच्या उलटी लहर सोडून तो दाबतो. हा उपाय खालच्या पट्टीतच खरा लागू पडतो, त्यामुळे ही घरघर म्हणजे त्याचे हक्काचे गिऱ्हाईक होय. या कल्पनेचे मूळ बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांच्या १९७८ मधील एका विमानप्रवासात आहे, आणि वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला.

ए२० चे वजन अवघे ३४० ग्रॅम, त्यामुळे दोन तासांनंतरही मान अवघडत नाही, हे मान्यच करावे लागेल. किंमत मात्र जवळपास तिप्पट. शिवाय भोपाळला जाताना त्याची बॅटरी संपली, तेव्हा नियंत्रण कक्षाचे बोलणे ऐकू येत राहिले, तरी इंजिनाची घरघर एकाएकी इतकी वाढली की काही बिघडले असे वाटून माझी नजर आधी तेलाच्या दाबाच्या काट्यावर गेली. काटा जागच्या जागी होता. सुटे सेल पिशवीत ठेवायचे राहिले होते, हा दोष सर्वस्वी माझा.

खरा धडा मला चष्म्याने दिला. माझ्या जाड काड्यांमुळे वाटीची गादी कानामागे उचलली जाई आणि त्या फटीतून सर्वांत आधी आत शिरे तो हाच खालच्या पट्टीतला आवाज. ए२० वरही फरक जाणवण्याइतका. मे महिन्यात घाम टिपण्यासाठी आईने जुन्या सुती पातळाची आवरणे शिवून दिली होती. ती सुखद खरी, पण जाड शिवण गादीखाली आली की तीही थोडी फट ठेवते, म्हणून ती उसवून शिवण बाहेरच्या कडेला घेतली.

ए२० परत केला, आणि राजवाड्याजवळच्या चष्मेवाल्याकडून पातळ तारेच्या काड्या बसवून घेतल्या. हिरवा हेडसेट आता पूर्वीपेक्षा बराच शांत वाटतो.